काळोखातली उभी रेघ

झेझ्काझ्गानच्या विमानतळामागे, जुन्या गोदामात
आमची खोली. खिडक्यांना आतून काळा रंग.
माझं काम एवढंच:
उतरलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं,
डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढवायचा
आणि म्हणायचं, लाल ठिपक्याकडे बघा.
बाकीचं डोळे बोलतात.

आज वेनियामिन लुकिच. एकशे नव्वद दिवस वर.
चौघांनी उचलून आणले; गुडघ्यावर
रानदवण्याची एक काडी चिकटलेली, माळावरची.
तिचा वास घेत होते, लहान मुलासारखे.

मान डाव्या खांद्याकडे झुकवा, मी म्हणते.
ते झुकवतात, आणि खुर्चीचा हात गच्च धरतात.
"कुलांदा, खोली सरकली."
खोली जागेवरच असते.
मी लिहिते: सरकली.

कानात, खूप आत, चुन्याची वाळू असते
मऊ गादीवर अंथरलेली.
मान कलली की कण कलतात, आणि डोळे
पापणीआड उलटे वळतात, किंचित,
जग सांडू नये म्हणून.
वर त्या वाळूला वजन नाही.
काही दिवस ओकाऱ्या, घेरी, मग मेंदू
तिच्या बोलण्याचा वेगळाच अर्थ लावायला शिकतो:
कललास नव्हे रे, ढकलला गेलास.
तोच अर्थ घेऊन माणूस खाली येतो
आणि दारातून जाताना चौकटीला धडकतो.

पडद्यावर लुकिचचं बुबुळ. पिंगट, कडेला हिरवा डाग.
डाग पाच अंश फिरायला हवा होता.
दीडवर थांबला.

मग दिवा घालवते. मान तशीच असू द्या.
काळोखात उजेडाची एक रेघ.
मूठ फिरवा, तिला उभी करा. अगदी उभी.
खूप वेळ नुसता श्वास ऐकू येतो.
"झाली."
अकरा अंश कललेली.
"नक्की?"
"आईशप्पथ."

इथे मला बाबा आठवतात.
उलितौपलीकडच्या गावात, त्र्याहत्तरीचे बायदिल्दा,
रिकिबीत पाय टाकला की पडायचे
आणि म्हणायचे, घोडा खोटं बोलायला शिकलाय.
गेल्या हिवाळ्यात मी त्यांना नमद्यावर आडवं केलं,
डोकं दोन्ही हातांत धरून वळवलं,
थांबले, पुन्हा वळवलं.
बुबुळं झटके देत धावली, धावली,
मग दमून निजली.
एक सुटा कण, चुकीच्या नळीत गेलेला.
उठून त्यांनी मीठ घातलेला चहा घेतला,
अंगणात फेरी मारून आले, म्हणाले:
घोडा सुधारला.

आठव्या दिवशी लुकिच स्वतःच्या पायांनी आले.
दाढी केलेली. डाग पाच अंश. रेघेत दोनाची चूक.
डॉक्टरांनी सही केली, हात मिळवला, जेवायला गेले.
लुकिच बसूनच राहिले.
"पहिल्या दिवसाची रेघ दाखव."
दाखवायची परवानगी नाही.
मी दाखवली.
ते पडद्यासमोर उभे राहिले, आणि हळूहळू
मान कलवत गेले, तिला समांतर होईपर्यंत.
"इथूनच तर," म्हणाले,
आणि पुढचं वाक्य रशियनमध्येही आलं नाही,
कझाकमध्येही नाही.
माझ्या टेबलावर काडी ठेवली. सुकलेली,
वास मात्र तिखट.

गाडी गेल्यावर मी दार लावून घेतलं,
खुर्चीत बसले, दिवा घालवला.
मान ताठ. हात स्थिर. मूठ थोडी मागे, थोडी पुढे,
बस्स, हीच. शंकाच नाही.
दिवा लावून पाहिलं:
दोन अंश डावीकडे.

वहीत नोंद नाही केली.
त्या रकान्यांत
फक्त उतरलेल्यांची नावं बसतात.